लांब पाठीची मोटार पळते तरी किती?

जयपूरची थंडी ओसरू लागली, की जुन्या मोटारींचा मेळा भरतो. राजपुताना ऑटोमोटिव्ह स्पोर्ट्स कार क्लबच्या या मेळ्यात वर्षभर आच्छादनाखाली झाकलेल्या गाड्या न्हाऊन-माखून जय महाल पॅलेसच्या हिरवळीवर उभ्या राहतात. बघायला अख्खे शहर लोटते. रोल्स-रॉईससमोर लोक विचारतात, 'ही कुठल्या महाराजांची?' उघड्या टपाच्या गाडीसमोर पोरे फोटो काढून घेतात. अमेरिकन मोटार दिसली, की मात्र दोनच प्रश्न येतात : 'अ‍ॅव्हरेज किती देते?' आणि 'केवढी पळते?'

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. मोठ्या अमेरिकन गाड्या लिटरला चार-पाच किलोमीटर जातात. उत्तर ऐकून मंडळी हसतात आणि पुढच्या गाडीकडे वळतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतके झटपट देता येत नाही. समोरची गाडी स्टेशन वॅगन असेल, तर मुळीच नाही. कारण स्टेशन वॅगन हा प्रकारच असा, की दिसायला मालवाहू आणि पोटात इंजिन मात्र शर्यतीच्या घराण्यातले!

स्टेशन वॅगन म्हणजे काय, हे आधी पाहू. साध्या मोटारीचा टप मागच्या बाकापाशी संपतो आणि पुढे डिकी सुरू होते. वॅगनमध्ये टप तसाच सरळ शेपटीपर्यंत नेलेला असतो. डिकीऐवजी खिडक्या असलेली एक मोकळी खोली, आणि तिला मागून दार. त्या खोलीत सामान ठेवा, तिसरे बाक टाका, नाही तर मुलांसाठी गादी अंथरा. आपल्याकडे सुमो, क्वालिस, इनोव्हा जे काम करतात, ते काम अमेरिकेत पन्नास-साठ वर्षे या गाडीने केले.

स्टेशनावरून निघालेली गाडी

नावातले 'स्टेशन' आगगाडीचेच. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत लोक रेल्वेने लांबचा प्रवास करीत. स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्यांना ट्रंका-वळकट्यांसह हॉटेलात पोचवण्यासाठी फोर्ड मॉडेल टीच्या सांगाड्यावर सुतार लाकडी खोके बांधून देत. वर टप, बाजूंना पडदे, आत तीन-चार बाके. म्हणजे सुतारकामाची टांगाच म्हणा ना! मॉडेल टीचे इंजिन २.९ लिटरचे होते, पण ताकद अवघी २० अश्वशक्ती. मोकळी गाडी ताशी ६५ ते ७० किलोमीटर जाई. वर लाकडी घर आणि आठ माणसे चढली, की यापेक्षा कमीच.

१९२९ साली फोर्डने मॉडेल ए गाडीची वॅगन स्वतःच बाजारात आणली. ४० अश्वशक्तीचे इंजिन, म्हणजे ताकद दुप्पट. लाकूड मॅपल आणि बर्च जातीचे. त्यासाठी कंपनीने मिशिगन राज्यात स्वतःची जंगले आणि लाकूड कारखाना राखला होता. १९३२ मध्ये फोर्डचे व्ही-एट इंजिन आले आणि साध्या माणसाच्या गाडीत प्रथमच आठ सिलिंडर धडधडू लागले. लाकडी वॅगनमध्येही तेच इंजिन बसले. पण वेग वाढला तसा लाकडाचा सांधा न सांधा बोलू लागला. दर वर्षी वॉर्निश, दर पावसाळ्यानंतर खिळे-स्क्रू आवळणे, हे वॅगनच्या मालकाला चुकत नसे. लाकडी वॅगनचा खरा वेग इंजिनाने नव्हे, सुताराने ठरवलेला असायचा.

आणि नेमकी हीच लाकडी गाडी राजपुतान्याला मानवली. संस्थानिकांच्या मोटारखान्यांत विलायती रोल्स आणि बेंटली मिरवायला असत. रानात जायला वेगळ्या गाड्या. इंग्रज मंडळी अशा गाडीला 'शूटिंग ब्रेक' म्हणत. लाकडी पाठ, दोन्ही अंगांना बाके, बंदुकांसाठी खाचा, पुढे मोठा सर्चलाइट. शिकारीला निघताना बंदुका, तंबूचे सामान, बर्फाच्या पेट्या, नोकरमाणसे, सगळे एका गाडीत मावले पाहिजे. शिवाय वाट वाळूची. इथे ताशी शंभराचा वेग काय कामाचा? कमी वेगात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, जड ओझे न बंद पडता ओढणारे इंजिन हवे. मोठ्या आकाराची, संथ फिरणारी अमेरिकन इंजिने यात तरबेज होती. विलायती गाडीला अशा वाटेवर सतत गिअर बदलावे लागत. अमेरिकन ब्युइक किंवा फोर्ड एका गिअरमध्ये नांगरणी केल्यासारखी चालत राही. शिवाय अमेरिकेतले खेड्यांचे रस्तेही तेव्हा कच्चेच असल्यामुळे या गाड्यांचे पोट जमिनीपासून उंच असे.

जयपूरच्या राजघराण्याचे आणि मराठी मुलखाचे नातेही इथे सांगून टाकायला हरकत नाही. महाराणी गायत्रीदेवी या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नात. त्यांच्या आई इंदिराराजे बडोद्याच्या राजकन्या आणि कूचबिहारच्या महाराणी. पती महाराज सवाई मानसिंह (दुसरे) जगभर गाजलेले पोलोपटू. अशा घराण्यांमध्ये मोटार हा घोड्याच्या पागेचाच पुढचा भाग होता, आणि पागेत शर्यतीचा घोडा असतो तसे ओझ्याचे खेचरही लागतेच.

मुंबईच्या वाटेने

राजपुतान्यातल्या अमेरिकन मोटारी यायच्या कुठून? बऱ्याचशा मुंबईहून. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला मोटारींची जुळणी सुरू केली. फोर्डचाही कारखाना मुंबईत होता. पुढे सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि तिथे क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. बिर्लांच्या हिंदुस्तान मोटर्सने स्टुडबेकर आणली. महिंद्रने विलीज कंपनीची जीप आणली, ती तर आपल्या घरचीच झाली.

या विलीजचीच एक स्टेशन वॅगन होती, आणि मोटारींच्या इतिहासात तिचे स्थान फार वरचे आहे. १९४६ साली ती आली तेव्हा मोठ्या संख्येने बनणारी ती पहिली संपूर्ण पोलादी स्टेशन वॅगन होती. तिचे रेखाटन ब्रूक्स स्टीव्हन्स या कल्पक माणसाने केले. युद्ध नुकतेच संपलेले, मोटारींच्या बॉड्या ठोकणारे कारखाने विलीजला मिळेनात. तेव्हा घरगुती वस्तूंचे पत्रे ठोकणाऱ्या कारखान्यांना जमतील असे उथळ, सरळ पत्रे त्याने आखले. म्हणून ती गाडी पेटीसारखी दिसते! गंमत अशी, की गिऱ्हाइकाला लाकडी वॅगनचीच सवय. मग पोलादी पत्र्यावर लाकडासारखा रंग देण्यात आला.

इंजिन युद्धातल्या जीपचेच, २.२ लिटरचे, ६३ अश्वशक्तीचे. सर्वाधिक वेग ताशी सुमारे १०५ किलोमीटर. पण तो गाठायला धीर लागे, आणि गाठल्यावर कानांत बोटे घालावी लागत. १९४९ मध्ये चारही चाकांना जोर मिळणारी आवृत्ती निघाली. वाळूच्या मुलखात यापेक्षा योग्य वॅगन शोधूनही सापडली नसती.

शंभरी गाठणाऱ्या गाड्या

वेगाची खरी धमाल सुरू झाली ती १९५५ मध्ये. त्या वर्षी शेव्हरोलेने नवे व्ही-एट इंजिन काढले. आकार ४.३ लिटर, ताकद १६२ अश्वशक्ती, आणि जादा पैसे मोजले तर १८०. हलके, लहान आणि आनंदाने फिरणारे इंजिन. ते ज्या गाड्यांत बसले, त्यांतली एक होती नोमॅड. दोन दारांची, तिरप्या खांबांची, मागच्या दारावर क्रोमच्या उभ्या पट्ट्या असलेली वॅगन. मूळ कल्पना कॉर्व्हेट या स्पोर्ट्स गाडीवरून १९५४ च्या प्रदर्शनात मांडलेल्या नमुन्याची. नोमॅड जेमतेम तीन वर्षे निघाली. महाग होती, दोनच दारे होती आणि मागच्या दारातून पावसाचे पाणी आत येई. आज मात्र संग्राहक तिच्यासाठी जीव टाकतात.

व्ही-एट नोमॅड ताशी १०० मैलांचा, म्हणजे १६० किलोमीटरचा टप्पा ओलांडत असे. आपल्याकडच्या त्या काळाशी ताडून पाहा. साठीतल्या अ‍ॅम्बॅसडरचे इंजिन दीड लिटरचे, अश्वशक्ती पन्नासच्या आसपास. एका नोमॅडमध्ये साडेतीन अ‍ॅम्बॅसडर!

ब्युइकची 'सेंच्युरी' याहून पुढे. १९३६ मध्ये हे नाव दिले गेले तेच मुळी गाडी ताशी शंभर मैल जाऊ शकते म्हणून. १९५७ मध्ये त्या सेंच्युरीची वॅगन निघाली. नाव 'कॅबालेरो', सहा लिटरचे इंजिन, ३०० अश्वशक्ती, आणि बाजूच्या काचा खाली केल्या की मधला खांबच नाही. घरच्यांना घेऊन सहलीला निघालेली ही गाडी त्या काळच्या बहुतेक स्पोर्ट्स गाड्यांना सिग्नलवर मागे टाकू शकली असती. शेजारी बसलेल्या पत्नीचे काय म्हणणे पडले असते, हा भाग वेगळा.

पुढे १९६४ मध्ये ओल्ड्समोबिलची व्हिस्टा क्रूझर आली. तिच्या टपात काच बसवलेली होती. अमेरिकेत आगगाड्यांना काचेच्या घुमटाचे डबे असत, तीच हौस मोटारीत. तिसऱ्या बाकावरच्या मुलांना आभाळ दिसे. इंजिन अर्थात व्ही-एट.

वॅगन मागे का पडते?

एकच इंजिन साध्या मोटारीत आणि वॅगनमध्ये बसवले, तर वॅगनचा सर्वाधिक वेग थोडा कमी भरतो. याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत, कारण ती आपल्या आजच्या गाड्यांनाही लागू पडतात.

पहिले कारण वजन. मागचा पत्रा, काचा, दार यांचे मिळून शंभरेक किलो वाढतात. पण वजनाचा फटका मुख्यतः पिकअपला बसतो, सर्वाधिक वेगाला तितका नाही. सपाट रस्त्यावर वेग गाठायला वेळ लागतो एवढेच.

दुसरे कारण मागच्या आसाचे गिअर. ओझे ओढायचे म्हणून वॅगनमध्ये हे गिअर बरेचदा जास्त जोराचे निवडलेले असत. चढावर गाडी दमत नाही, पण त्याच वेगाला इंजिन अधिक फिरते आणि त्याची दमछाक लवकर होते. सायकलवाल्याने चढाचा गिअर लावून सपाटीवर पळण्यासारखे हे आहे.

तिसरा आणि सर्वांत मोठा शत्रू वारा. वाऱ्याला कापायला लागणारी ताकद वेगाच्या पटीत वाढत नाही, ती वेगाच्या घनाने वाढते. शंभराच्या वेगाला वाऱ्यासाठी समजा तीस अश्वशक्ती खर्च होत असेल, तर १६० ला ती एकशे वीसच्या वर जाते. म्हणजे वेग दीडपटीहून थोडा जास्त आणि खर्च चौपट! म्हणूनच दुप्पट ताकदीची गाडी दुप्पट पळत नाही, हे कितीही सांगितले तरी पोरांना पटत नाही. १९५० च्या दशकातली वॅगन तर पुढून भिंतीसारखी आणि मागून कपाटासारखी.

त्यातून गाडी भारतात आली, की आणखी एक गोष्ट आड येई : पेट्रोल. अमेरिकेत त्या काळात चढ्या ऑक्टेनचे पेट्रोल पंपावर सहज मिळे आणि इंजिने त्याच हिशेबाने, जास्त दाबाची बनवलेली असत. आपल्याकडचे साधे पेट्रोल पुढे कितीतरी वर्षे ८७ ऑक्टेनचेच होते. ते भरले की इंजिन चढावर खडखडायचे. मग मिस्त्री टायमिंग मागे घेई. खडखड थांबे, पण ताकदही जाई, आणि इंजिन तापे ते वेगळेच. उन्हाळ्यात जयपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा विरळ गरम हवेने उरलेला दमही कमी होतो. तेव्हा पुस्तकात १६० लिहिलेली गाडी इथे १६० जाईच असे नाही.

पळण्यापेक्षा थांबणे अवघड

इथपर्यंतचा हिशेब इंजिनाचा झाला. खरा काळजीचा विषय ब्रेकचा आहे, आणि जुन्या वॅगनचे कौतुक करणारे नेमके तेच सांगायला विसरतात.

धावत्या गाडीत साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ८० च्या गाडीला थांबवायला जो दम लागतो, त्याच्या चौपट १६० च्या गाडीला. त्यात आठ माणसे आणि सामान धरले, तर वॅगनवर सहाशे किलोंचा बोजा सहज चढतो. हा सगळा भार पेलायला १९५५ च्या नोमॅडकडे होते काय? चारही चाकांना ड्रम ब्रेक. लोखंडी डब्यात लायनर घासून गाडी थांबवायची. एकदा जोरात ब्रेक मारला तर गाडी नीट थांबते. लगेच दुसऱ्यांदा मारला, की ड्रम तापून पसरलेला असतो, लायनरची पकड सुटते आणि पायाखालचे पेडल लाकडासारखे कडक होऊनही गाडी जातच राहते. घाट उतरणाऱ्या ट्रकवाल्यांना हा अनुभव नवा नाही.

शिवाय चारही चाकांच्या ब्रेकला तेलाची वाट एकच. कुठे एक नळी फुटली, की चारही ब्रेक गेले. पुढची आणि मागची चाके वेगळ्या वाटांनी जोडण्याची सक्ती अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस झाली. सीटचे पट्टेही त्याच सुमारास सक्तीचे झाले. त्याआधीच्या वॅगनमध्ये मागच्या मोकळ्या जागेत मुले गादीवर लोळत जात आणि आईबाप ताशी ११० ने गाडी हाकत. आज ती चित्रे पाहताना अंगावर काटा येतो.

पाच हजार पौंडांची राणी

सत्तरीच्या सुरुवातीला वॅगन आकाराने कळसाला पोचली. १९७१ पासूनची ब्युइक इस्टेट घ्या. ७.५ लिटरचे इंजिन, लांबी पुढे पुढे पावणेसहा मीटरच्या वर, वजन २,३०० किलोंच्या आसपास. आपल्या मारुती ८०० चे वजन साधारण साडेसहाशे किलो. म्हणजे साडेतीन मारुती एकावर एक! मागचे दार तर जादूच होती. बटण दाबले, की काच वर टपात सरके आणि खालचे फळकूट जमिनीखाली गडप होई. एवढे ओझे पेलायला मागे पाटे बसवलेले होते, अगदी ट्रकसारखे.

या काळातल्या अश्वशक्तीच्या आकड्यांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या इंजिन गाडीबाहेर काढून, पंखा, सायलेन्सर वगैरे अडथळे दूर करून ताकद मोजत. १९७२ पासून सगळी जोडणी करून मोजण्याची पद्धत आली. ब्युइकच्या ७.५ लिटर इंजिनाची १९७० मध्ये छापलेली ताकद ३५० होती. १९७२ मध्ये ती २२५ झाली. काही घट खरी होती, कारण धूर कमी करण्यासाठी इंजिनाचा दाब उतरवला होता. पण बरीचशी घट नुसती कागदावरची. इंटरनेटवर वाचून जुन्या गाडीचे आकडे तोंडावर फेकणाऱ्यांनी हे एवढे लक्षात ठेवावे.

मग ऑक्टोबर १९७३ उजाडला. अरब राष्ट्रांनी तेल रोखले, अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या. जानेवारी १९७४ मध्ये निक्सन यांनी सही केली आणि देशभर वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर, म्हणजे ८८ किलोमीटरवर आली. १९७९ मध्ये तर स्पीडोमीटरवर ८५ मैलांपुढचे आकडे छापायलाच मनाई झाली. १९८४ च्या मॉडेलसाठी क्रायस्लरने मिनीव्हॅन आणली आणि वॅगनचे गिऱ्हाईक तिकडे वळले. जाता जाता वॅगनने एक शेवटची मजा केली. १९९४ ते १९९६ या तीन वर्षांत ब्युइक रोडमास्टर इस्टेटमध्ये कॉर्व्हेटच्या घराण्यातले ५.७ लिटरचे, २६० अश्वशक्तीचे इंजिन बसले. बाजूला नकली लाकडाची पट्टी, आत आठ माणसे, आणि शून्यापासून ६० मैल गाठायला साधारण आठ सेकंद. वेग मात्र टायरांच्या बेताने ताशी सुमारे १०८ मैलांवर बांधून ठेवलेला. १९९६ च्या अखेरीस ती बंद झाली.

व्ही-एट गेले, डिझेल आले

भारतातली कहाणी वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचली. परदेशी कंपन्यांनी इथेच सुटे भाग बनवावेत, असा सरकारचा आग्रह झाल्यावर जनरल मोटर्स आणि फोर्ड १९५० च्या दशकाच्या मध्यास मुंबई सोडून गेल्या. त्यानंतर नवी अमेरिकन गाडी म्हणजे वकिलातीतल्या साहेबाची. साहेबाची बदली झाली, की ती सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकली जाई. दिल्ली जयपूरहून जेमतेम २६० किलोमीटर. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली. शिकारीची गाडी ठेवण्याचे कारणही संपले आणि पोसण्याचे बळही.

पेट्रोल महागल्यावर अशा गाड्यांचे देशभर एकच झाले : व्ही-एट काढून भंगारात, आणि जागी पर्किन्सचे किंवा मेटाडोरचे डिझेल इंजिन. दोनशे अश्वशक्तीच्या घरात पन्नास अश्वशक्ती नांदू लागली. शंभर मैलांची गाडी ताशी साठ-सत्तर किलोमीटरवर थरथरू लागली. मालकाला त्याचे दुःख नव्हते. दहा-बारा माणसे बसत होती, लिटरला दहा-बारा किलोमीटर मिळत होते आणि घरात चूल पेटत होती. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आज संग्रह करणाऱ्यांना नाही. गाडी चालती राहिली म्हणून तर सांगाडा शिल्लक राहिला.

पण त्या भंगारात गेलेल्या इंजिनाची किंमत आता कळते आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची खास पाटी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण ५,००० रुपये. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल चालत नाही. म्हणजे डिझेल बसवलेली वॅगन या दारातून आत जाऊ शकत नाही! ज्या इंजिनाला कोणी फुकट विचारत नव्हते, त्याच्यावर आता गाडीची ओळख अवलंबून.

पाटी मिळाली तरी रोज फिरवायला परवानगी नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, पेट्रोल भरणे, अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. दैवाचा खेळ पाहा : २०२३ च्या फेब्रुवारीत दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा सोहना ते दौसा हा तुकडा खुला झाला. दौसा जयपूरच्या शेजारचेच. ताशी १२० ची कायदेशीर मर्यादा असलेला, नोमॅडला साजेसा रस्ता सत्तर वर्षांनी दाराशी आला, तेव्हा नोमॅडच्या पिढीची वॅगन ड्रम ब्रेक आणि म्हातारे टायर घेऊन त्यावर जाण्याच्या वयाची राहिलेली नाही.

सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये वसवलेल्या या शहराचे मुख्य रस्ते १११ फूट रुंद आहेत. त्यावरून मेळ्याची फेरी निघते ती माणसाच्या धावण्याच्या वेगाने. इथे चालकाची नजर स्पीडोमीटरवर नसतेच, ती असते तापमानाच्या काट्यावर. जुन्या गाडीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो; इंजिन संथ, तर पंखाही संथ, आणि समोरून वाराही नाही. पेट्रोलच्या नळीत वाफ धरली, की गाडी भर चौकात बंद. त्यावर मिस्त्री लोकांचा उपाय एकच, पेट्रोल पंपाभोवती ओले फडके गुंडाळायचे. गाडी पुन्हा सुरू होते.

वॅगनची हौस भारतीय कंपन्यांनीही करून पाहिली. पुण्याच्या टाटांनी १९९२ मध्ये 'इस्टेट' आणली, दोन लिटरला थोडे कमी डिझेल इंजिन, ६८ अश्वशक्ती. पुढे बलेनो अल्टुरा, कोर्सा स्विंग, इंडिगो मरीना आल्या आणि गेल्या. 'अ‍ॅम्ब्युलन्ससारखी दिसते' असे म्हणून लोकांनी तोंड फिरवले. आपल्याकडे डिकी म्हणजे प्रतिष्ठा! ज्यांना जागा हवी होती, त्यांनी १९९४ मध्ये आलेली सुमो घेतली.

तरीही कुणाच्या आजोबांच्या वाड्यात, ताडपत्रीखाली अशी एखादी लांब पाठीची मोटार उभी असेल आणि ती विकायचा किंवा दुरुस्त करायचा विचार असेल, तर आधी बॉनेट उघडावे. मूळ इंजिन जागेवर आहे का, त्यावर ठोकलेला क्रमांक कागदपत्रांशी जुळतो का, हे पाहावे. काढलेले इंजिन परसात कुठे पडले असेल, तर गंजलेले का असेना, भंगारवाल्याला देऊ नये. इंजिन सुरू करण्याच्या घाईत ब्रेकच्या नळ्या तशाच ठेवू नयेत. त्या, मास्टर सिलिंडर आणि लायनर आधी बदलावेत. टायरला रेघा असल्या तरी रबर म्हातारे होते, ते नवेच घालावेत. शेवटी मागचे दार उघडून तिसऱ्या बाकाखालचा पत्रा हाताने दाबून पाहावा. दाराचे रबर गेलेले असते, पाणी तिथेच साचते, आणि वॅगन सडायला सुरुवात होते ती तिथूनच.